काखेत जिल्हा

खडकवाडीच्या शाळेचा शिपाई ज्ञानोबा सकाळच्या पहिल्या एस.टी.त नऊ पोरं चढवून शेवटी स्वतः चढला आणि कंडक्टरला म्हणाला, "एक पुरं, नऊ अर्धी. नाटकाला चाललो. जिल्ह्याला."

"ही गाडी जिल्ह्याला न्हाई जात. अहमदपूरला उतरा, तिथनं बघा."

"मला सांगून राहिला व्हय? अठ्ठावीस वर्सं झाली जाऊन राहिलो. डोळ्याला पट्टी बांध, शिक्षण खात्याच्या दारात जाऊन उभा राहीन."

यात खोटं काही नव्हतं. वर्षातून दोनदा खडू, नकाशे आणि परीक्षेचे कागद आणायला ज्ञानोबाच जिल्ह्याला जाई. जिल्हा म्हणजे उस्मानाबाद. अहमदपूरहून लातूर, लातूरला गाडी बदलायची, स्टँडवर एक चहा प्यायचा आणि पुढं उस्मानाबाद. सहा महिन्यांपूर्वी जिल्ह्याच्या वाटण्या झाल्या, लातूर वेगळा निघाला आणि अहमदपूर तालुका त्याच्या वाट्याला आला. गावात पेढे वाटले गेले. ज्ञानोबानं दोन खाल्ले. पण पेढा पोटात गेला म्हणून पायाची सवय बदलत नसते, आणि तेव्हापासून त्याला जिल्ह्याला जायचं काम पडलं नव्हतं.

आदल्या दिवशी नरसिंग गुरुजी कपड्यांची ट्रंक आणि बाजाची पेटी घेऊन पुढं गेले होते. शाळांच्या नाटकांची स्पर्धा होती. नाव घालायचं, चिठ्ठ्या टाकून पाळी ठरायची, म्हणून ते आधी गेले. जाताना ज्ञानोबाला म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं पोरांना घेऊन जिल्ह्याला ये. स्टँडाच्या मागं मुलांची मोठी शाळा. मैदानात मंडप."

"समजलं," ज्ञानोबा म्हणाला. त्याला खरोखरच समजलं होतं. उस्मानाबादेलाही स्टँडाच्या मागं मुलांची मोठी शाळाच होती.

नरसिंग गुरुजी कमी बोलणारा माणूस. लग्नात अक्षता टाकताना सुद्धा ओठ हलायचे नाहीत. पण शाळा सुटल्यावर पोरांना ओट्यावर उभं करून नाटक शिकवायला लागले की तोच माणूस चिमणी व्हायचा, बैल व्हायचा, कोरडी विहीर व्हायचा. तीन वर्षं हे चाललं होतं. सलग दोन पावसाळे कोरडे गेले, रोज एखादं पोरगं आईबापाबरोबर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊन बसायचं आणि तालमीत खिंडार पडायचं. गुरुजींनी त्यावर तोड काढली. प्रत्येक पोराला सगळ्यांची कामं पाठ. "आज कावळा आहे, उद्या नसेल. म्हणून चिमणीला कावळा यायला पाहिजे, आणि कावळ्याला चिमणी." झाडून काढता काढता ऐकून ज्ञानोबालाही ते सगळं येत होतं, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. शिपायानं चिमणी होणं बरं दिसत नाही.

हेडमास्तर अमृतराव मात्र गणिताचे. ते म्हणाले होते, "गुरुजी, गावात प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही पोरं नाचवून राहिलात. माझ्यापुढं शब्द नको, आकडा ठेवा. पहिल्या तिघांत याल तर पुढल्या वर्षी नाटक. न्हाई तर ती पेटी कपाटात अन् किल्ली माझ्याकडं." गुरुजींनी नेहमीप्रमाणं मान हलवली होती. त्या रात्री त्यांनी जेवणाचं ताट तसंच सरकवल्याचं त्यांच्या बायकोनं ज्ञानोबाच्या बायकोला सांगितलं होतं. म्हणून आज ज्ञानोबा पोरांना जपून नेत होता. दर फाट्याला मोजत होता.

साडेनऊला लातूर आलं. पुढच्या गाडीला अर्धा तास होता. ज्ञानोबानं चहा घेतला, पोरांना बेकरीतले बटर दिले. तेवढ्यात स्टँडाच्या मागून कर्ण्याचा आवाज आला, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग."

चिमणीचं काम करणारी सिंधु कान टवकारून म्हणाली, "आबा, इथंच कायतरी हाय वाटतं."

"मोठं गाव हाय पोरी. इथं रोज कायतरी असतंय. कुणी साबण इकतंय, कुणी मत मागतंय."

"पर आबा, लातूर आता जिल्हा झालाय ना?"

"झाला आसंल. नवी सून घरात आली म्हणून पहिल्याच दिशी तिच्या हातात किल्ल्या देतेत का? कारभार अजून सासूकडंच असणार. चला, गाडी लागली."

गाडी स्टँडाबाहेर वळली तेव्हा सिंधुनं खिडकीतून दोन खांबांना बांधलेला कापडी फलक पाहिला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "जि-ल्हा-स्त-री-य शा-ले-य..."

"धावत्या गाडीत वाचू न्हाई. उलटी होतीय," ज्ञानोबा म्हणाला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

बाराला उस्मानाबाद आलं. पोरांची रांग करून ज्ञानोबा छाती काढून स्टँडाच्या मागं गेला. मोठी शाळा होती. मैदान होतं. मैदानात मंडप नव्हता. एका कडुलिंबाखाली एक शेळी आणि तिच्याशेजारी खाटेवर शाळेचा राखणदार आडवा पडला होता.

"मामा, मंडप कुठाय?"

"कुणाचं लगीन हाय?"

"लगीन न्हाई. नाटकाची स्पर्धा. जिल्ह्याची."

राखणदार उठून बसला. त्यानं नऊ पोरं एकदा न्याहाळली. "कंच्या तालुक्याचे?"

"अहमदपूर."

"मग इथं कामून आलात? तुम्ही आता आमच्यात न्हाईत. ऑगस्टात वाटणी झाली की."

"झाली, पर..."

"पर काय? वाटणी झाल्यावर धाकट्याची लेकरं जेवायला थोरल्याच्या घरी येतेत व्हय? तुमचा जिल्हा लातूर. येताना लागलं असंल की वाटंत."

"लागलं," ज्ञानोबा म्हणाला. "चहा पेलो तिथं."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," राखणदार म्हणाला आणि परत आडवा झाला. शेळीनं मान वर करून ज्ञानोबाकडं एकदा पाहिलं.

पोरं रडली असती तर ज्ञानोबाला बरं वाटलं असतं. पण ती रांग न मोडता त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. अठ्ठावीस वर्षांत त्याची घंटा एक मिनिट चुकली नव्हती, आणि आज त्यानं आख्खं नाटक दुसऱ्या जिल्ह्यात आणून सोडलं होतं. पेटी कपाटात जाणार आणि ती ढकलणारा हात त्याचाच. स्टँडवर जाऊन चौकशी केली तर लातूरची पुढची गाडी अडीचला. अडीचला निघून पाचला पोचणार, तोवर मंडपवाले बांबू काढत असणार.

स्टँडासमोर एक ट्रक उभा होता. वर झाकणं कापलेली लोखंडी पिंपं दोरखंडानं बांधलेली. चालक चाकाला लाथा मारून हवा बघत होता.

"भाऊ, कुठं चालला?"

"लातूर. ही पिंपं लातूरच्याच वाट्याची. पाण्याच्या वाटपाची पिंपं दोन जिल्ह्यांत वाटली, निम्मी त्यांची. पोच करून सही घ्यायची हाय." चालकाचं नाव बसलिंगप्पा. निलंग्याच्या खालच्या अंगाचा, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावचा.

ज्ञानोबानं सगळी हकीकत सांगितली. बसलिंगप्पा हसता हसता चाकाला टेकून खालीच बसला. "यप्पा! म्हंजे पिंपं बी वाटणीची अन् माणसं बी वाटणीची. चला, एकाच सहीत पोच करतो. पर पोरं पिंपात बसवा. उभ्यानं पडतील."

अशी नऊ पोरं नऊ पिंपांत बसली आणि ज्ञानोबा केबिनमध्ये. खाचखळग्यात ट्रक आदळला की पिंपांतून नऊ आवाज एकदम निघायचे. थोड्या वेळानं ज्ञानोबानं कान दिला तर पोरं तालीम करत होती. एका पिंपातून कावळा बोलत होता, दुसऱ्यातून बैल उत्तर देत होता.

या हिशोबानं साडेतीनला लातूर यायला हरकत नव्हती. पण दुष्काळाच्या साली पिंपांनी भरलेला ट्रक रस्त्यानं चालला की तो पाण्याचाच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पहिल्याच गावात लोक घागरी घेऊन ट्रकच्या मागं धावले. बसलिंगप्पानं मान बाहेर काढून ओरडून सांगितलं, "मोकळी हाईत! मोकळी!" तेवढ्यात एका पिंपातून एक डोकं वर आलं, मग दुसरं, मग तिसरं. मागं धावणारा एक म्हातारा जागीच थांबला आणि घागर खाली ठेवून त्यानं कपाळाला हात लावला. "सरकारनं पाण्याऐवजी लेकरं धाडली की रं!"

दुसऱ्या गावात थांबून समजूत घालण्यात पंधरा मिनिटं गेली. तिसऱ्या गावाला बातमी ट्रकच्या आधी पोचली होती, आणि तीही फिरून. बातमी अशी, की वर पोरं बसवून खाली पाणी चोरून नेऊन राहिलेत. मुरूडच्या अलीकडच्या त्या गावात बायकांनी रस्त्यावर घागरींची आडवी रांगच मांडली होती. पितळी घागरीवरून ट्रक घालायची हिंमत बसलिंगप्पात नव्हती.

पुढं एक उंच, वाळलेली बाई उभी होती. तिला सगळ्या सरजाबाई म्हणत होत्या. "उतरा. पिंपं वाजवून दाखवा."

ज्ञानोबानं काठीनं पिंपं वाजवली. ती ठण ठण वाजली. "माय, ही नाटकाची पोरं हाईत. स्पर्धेला चालली. मी वाट चुकलो, लातूर सोडून उस्मानाबादेला गेलो."

"लातूर सोडून उस्मानाबादेला जाऊन परत लातूरला? असली वाट बैल बी चुकत न्हाई. नाटकाची पोरं हाईत म्हणतोस, मग करून दाखव नाटक. जमलं तर गाडी जाईल. न्हाई जमलं तर तू खोटा, अन् पिंपं इथंच उतरतील."

"माय, कपडे पुढं गेले. गुर्जी पुढं गेले. चार वाजता पाळी लागली तर..."

"आमच्या पाण्याच्या पाळीला बी चार दिवस झाले," सरजाबाई म्हणाली.

ज्ञानोबा मागं वळला, तर पोरं पिंपांतून उतरून रस्त्यातच गोल करून उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं. फक्त कावळा उतरायला तयार नव्हता. त्याचं नाव व्यंकट. घागरी आणि संतापलेल्या बाया बघून तो पिंपाच्या तळाशी जाऊन बसला होता.

"राहू दे त्याला," सिंधु म्हणाली. "कावळा बी मीच करते."

आणि डांबरी रस्त्यावर, भर उन्हात, पोत्याच्या पंखांशिवाय नाटक सुरू झालं. नाटक असं होतं. विहीर आटते. पाखरांची पंचायत बसते, मोटेचा बैलही येतो. सरपंच कावळा विहिरीला पाणी यावं म्हणून ठरावावर ठराव मंजूर करतो, आणि दर ठरावानंतर एक पाखरू गाव सोडून उडून जातं. सिंधु उजवीकडं मान करून कावळा व्हायची, डावीकडं वळून चिमणी. कावळ्यानं तिसरा ठराव मांडला, "विहिरीनं आठ दिवसांत लेखी खुलासा करावा," तेव्हा बायका हसायला लागल्या. पाचव्या ठरावाला घागरींवर बसून हसायला लागल्या. हसण्याचा आवाज ऐकून व्यंकटचं डोकं पिंपातून वर आलं, आणि सहावा ठराव त्यानं तिथूनच, पिंपाच्या काठावर हात ठेवून मांडला. सरपंच उंचावरच बसलेला बरा दिसतो, त्यामुळं ते मुद्दाम तसं बसवलंय असंच सगळ्यांना वाटलं.

शेवटी सगळी पाखरं उडून गेली, बैलही गेला आणि एकटी चिमणी विहिरीच्या काठावर राहिली. सिंधु हळूच म्हणाली, "मी जाते कुठं? पाणी परत आलं अन् गावात कुणीच नसलं, तर त्याला वाटंल की आपण गाव चुकलो."

कुणी टाळी वाजवली नाही. सरजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग विचारलं, "पुढं काय होतं? येतं का पाणी?"

"गुर्जींनी पुढं लिहिलंच न्हाई," सिंधु म्हणाली.

"बरं केलं. आलं म्हणून लिवलं असतं तर गाडी सोडली नसती."

तिनं घरातून एक तांब्या आणवला आणि नऊ पोरांना एकेक घोट दिला. ज्ञानोबानं नको म्हणून हात जोडले. बायांनी घागरी उचलल्या. ट्रक सुटला तेव्हा चार वाजून गेले होते आणि लातूर अजून दीड तास लांब होतं.

त्या दीड तासात ज्ञानोबा मैलाचे दगड मोजत होता. पोरांनी आज जे केलं ते गुरुजींनी पाहायला हवं होतं, एवढंच त्याच्या मनात येत होतं, आणि ते पाहायला मिळणार नाही याला कारण आपण, हेही.

लातुरात शिरता शिरता कर्णा ऐकू आला. त्यावर कुणीतरी बोलत होतं. आवाज पार बसलेला, घोगरा. "...तर मान्यवरहो, निजामाच्या काळात आमच्या गावात शाळा नव्हती. एक ओटा होता. त्या ओट्याविषयी थोडक्यात सांगतो..."

ज्ञानोबा ट्रकमधून उडी मारून मंडपाच्या दाराशी गेला. रंगमंचावर पडदा उघडा होता. मधोमध माईकसमोर नरसिंग गुरुजी एकटे उभे होते. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. पुढं तीन परीक्षक. एक झोपलेले, एक वहीनं वारा घेत होते, आणि मधल्या बाई हनुवटीवर हात ठेवून सहन करत होत्या.

"हे कधीपासून बोलून राहिले?" ज्ञानोबानं दारातल्या चहावाल्याला विचारलं.

"चारपासून. नाव पुकारलं तर हे एकटेच वर गेले. म्हणाले, नाटकाआधी प्रास्ताविकाचे दोन शब्द बोलतो. आता नाटक पंचेचाळीस मिनिटांत संपवा असा नियम हाय, पर प्रास्ताविकाला नियमच न्हाई. अन् प्रास्ताविक चालू असताना माणसाला खाली कसं बसवावं? आजवर कुणी बसवलंय का? आधी आभार मानले. मग दुष्काळ सांगितला. मग शाळेची कौलं मोजली."

वर गुरुजी म्हणत होते, "आता आमच्या शिपायाविषयी. ज्ञानोबा. वेळेचा अत्यंत पक्का माणूस. अठ्ठावीस वर्षांत त्याची घंटा एक मिनिट मागंपुढं..."

ज्ञानोबानं टोपी डोळ्यांवर ओढली. तेवढ्यात गुरुजींची नजर दाराकडं गेली. ज्ञानोबा दिसला, त्याच्या मागं धुळीनं पांढरी झालेली नऊ पोरं दिसली. गुरुजींचं वाक्य तिथंच तुटलं. "...एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो."

दिवसभरातली सर्वांत मोठी टाळी पडली. झोपलेले परीक्षक जागे होऊन टाळ्या वाजवू लागले. घड्याळात पाच चाळीस झाले होते.

पडद्यामागं गुरुजी ज्ञानोबासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. शिव्याच द्यायच्या होत्या, हे चेहऱ्यावरून दिसत होतं. पण आतून नुसती हवा आली. एक अक्षर उमटेना. त्यांनी गळ्याला हात लावला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. नाटकात कोरड्या विहिरीचा आवाज पडद्यामागून तेच काढायचे.

"गुर्जी, शिव्या नंतर द्या," ज्ञानोबा म्हणाला. "विहीर मी करतो. मला येतंय सगळं."

गुरुजींनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू आजच्या दिवसात ही एकच गोष्ट त्यांच्या कल्पनेबाहेरची होती. तोवर बसलिंगप्पा एक पिंप गडगडवत आत आला. "यात तोंड घालून बोला. जिल्ह्याचंच पिंप हाय, जिल्ह्याच्याच कामाला."

ज्ञानोबानं पिंपात डोकं घातलं आणि म्हटलं, "पाखरांनो, माझा तळ दिसायला लागलाय." आवाज असा घुमून निघाला की पहिल्या रांगेतला एक माणूस खरंच वाकून खाली पाहायला लागला.

पोरांनी पोत्याचे पंख लावले होते, पण खरं सांगायचं तर त्यांची गरज उरली नव्हती. जी पोरं घागरींच्या रांगेसमोर उभी राहून आली, त्यांना तीन परीक्षकांचं काय वाटणार? सिंधुची चिमणी घाई करत नव्हती. व्यंकटचा कावळा आता पिंपाशिवायही उंच दिसत होता. बैलाचं काम करणाऱ्या चांगुणाचं एक वाक्य धुळीनं घशात अडकलं, तर ते शेजारी होला पक्षी झालेल्या पोरानं इतकं सहज उचललं की कुणाला कळलंही नाही. गुरुजी पडद्याआड उभे राहून ओठ हलवत होते. आवाज नव्हता, पण प्रत्येक वाक्य ते बोलत होते, नऊ जणांचं. शेवटच्या वाक्यानंतर मंडपात जी शांतता झाली ती ज्ञानोबानं पिंपात डोकं घालूनच ऐकली.

मग निकाल. तिसरा नंबर भलत्याच शाळेचा. दुसरा आणखी एका भलत्या शाळेचा. पहिला, शहाऐंशी गुण, तोही भलत्याच शाळेचा.

मधल्या बाई माईकवर आल्या. "खडकवाडीच्या शाळेबद्दल सांगायला हवं. आम्ही तिघांनी या मुलांना शंभरपैकी एक्क्याण्णव गुण दिले आहेत. आज कुणालाच इतके नाहीत. पण नियम सातवा असा आहे, की ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक मिनिटाला एक गुण वजा. प्रास्ताविक नाटकात धरायचं की नाही, यावर आमची चर्चा झाली. चिटणीस म्हणाले, पडदा उघडा होता, म्हणजे धरायचं. नाटक बरोबर पंचेचाळीस मिनिटांत संपलं, पण प्रास्ताविक शंभर मिनिटांचं झालं." त्यांनी कागद वर धरला. "एकूण गुण, उणे नऊ."

"नववा नंबर आला का गं?" ज्ञानोबानं सिंधुला विचारलं.

"न्हाई आबा. शून्याच्या खाली नऊ."

"शून्याच्या खाली बी नंबर असतेत?"

"असतेत की. आपल्या विहिरीचं पाणी तळाच्या बी खाली गेलंय, तसं."

दुसऱ्या दिवशी शाळेत गुणांचा कागद अमृतराव हेडमास्तरांच्या टेबलावर होता. समोर एका बाजूला गुरुजी, गळ्याला मफलर गुंडाळून. दुसऱ्या बाजूला ज्ञानोबा, टोपी हातात. दाराच्या फटीतून नऊ डोकी. अमृतरावांनी चष्मा पुसला, कागद वाचला, परत चष्मा पुसला.

"उणे नऊ," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं गणित शिकवतोय. असा निकाल पाहिला न्हाई. हे शंभर कशाचे गेले?"

गुरुजी कसेबसे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझे. मी बोललो शंभर मिनिटं."

"साहेब, गुर्जी उगा सांगून राहिलेत," ज्ञानोबा पुढं झाला. "म्या पोरं उस्मानाबादेला नेली. म्हणून गुर्जींना बोलावं लागलं. शंभरच्या शंभर माझे."

"तू नियम मोडला नाहीस. बोललो मी," गुरुजी म्हणाले.

"पर बोलायला लावलं कुणी?"

"मला थांबता आलं असतं."

"थांबला असता तर नाटकच झालं नसतं!"

"निम्मे तरी माझे धर."

"एक बी न्हाई."

"गप बसा दोघं," अमृतराव म्हणाले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात एक्क्याण्णव लिहिले. खाली शंभर लिहायला गेले आणि थांबले.  "पहिल्या शाळेला किती पडले?"

"शहाऐंशी."

"हं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मांडणीच चुकलीय त्यांची. दोन वेगळ्या माणसांचे आकडे एका उभ्या ओळीत मांडून वजाबाकी करता येत नसते. माझ्या शेळ्यांतून तुमच्या कोंबड्या वजा होतेत का? चौथीच्या पोराला कळतं हे. एक्क्याण्णव पोरांचे. ते पोरांकडं राहतील. शंभर मोठ्या माणसांचे. ते मोठ्या माणसांनी वाहावेत."

ते स्वतः उठले, बाहेरच्या फळ्यापाशी गेले आणि रोजच्या सुविचाराची जागा पुसून त्यांनी खडूनं लिहिलं: नाटक, ९१. खाली दोन रेघा ओढल्या. आत येऊन गुरुजींना म्हणाले, "पेटीचा भाता फाटलाय तो बघून घ्या. पुढल्या वर्षी ऐनवेळी सांगू नका." दाराच्या फटीतली नऊ डोकी एकदम नाहीशी झाली आणि मैदानातून जो ओरडा आला त्यानं लिंबावरचे कावळे उठले.

"अन् शंभर कुणाच्या नावावर टाकू?" अमृतरावांनी विचारलं.

गुरुजी आणि ज्ञानोबा दोघंही एकदम पुढं झाले. अमृतरावांनी दोघांकडं पाहिलं, शिपायांची हजेरीवही ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं. गुरुजी काही म्हणायला गेले, पण त्यांचा आवाज परत बसला होता.

संध्याकाळी गावात टँकर आला. रांगेत घागर धरून उभ्या असलेल्या केरबानं ज्ञानोबाला गाठलं. "काय रं ज्ञानोबा, तुला म्हणं वजा शंभर पडले?"

"हाव," ज्ञानोबा म्हणाला आणि त्यानं आपली घागर एक पाऊल पुढं सरकवली. "गुर्जी निम्मे मागत होते. म्या दिले न्हाईत."